दुसरी डायरेक्टर

काकांच्या ऑफिसात खुर्च्या चार होत्या आणि त्यांतल्या एकीवरही मी काकांना कधी बसलेलं पाहिलं नाही. शाईचा रिकामा ड्रम उलटा करायचा, त्यावर पोत्याची घडी टाकायची आणि टेकायचं. बँकेचे साहेब आले तरी ड्रमवरच. साहेब बिचारे खुर्चीत अवघडून बसत आणि काका खालून वर बघत बोलत. "खुर्चीत बसलं की मानूस जल्दी उठत न्हाई," एवढंच ते त्यावर सांगायचे.

काका माझे नात्यानं कुणी नव्हते, सगळे म्हणत म्हणून मीही म्हणायची; जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची बियाणांच्या पिशव्या छापायची कंपनी होती. कापसाचं, मक्याचं, सोयाबीनचं बियाणं ज्या चकचकीत पिशव्यांतून दुकानात येतं, त्या पिशव्या. आमच्या गावात बियाणाच्या कंपन्या पुष्कळ, म्हणून काम भरपूर. मी तिथं टायपिंगला लागले, मग बिलं करायला लागले, आणि पुढं माझं काम नेमकं काय हे कुणीच विचारेनासं झालं. अशी बारा वर्षं.

मशीनच्या खोलीत काका अनवाणी फिरायचे. मशीन गरम झालं की आधी तळपायाला कळतं आणि कानाला मागून, असं त्यांचं म्हणणं. नव्या छपाईची पहिली पिशवी ते शर्टाच्या खिशात घालायचे आणि दिवसभर उन्हातान्हात हिंडायचे. संध्याकाळी पिशवी काढून शाई सुटली का ते खिशावर बघायचं. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या छातीवर हिरवे-तांबडे डाग असत. काकूंनी त्या डागांचा नाद कधीच सोडला होता. फोन उचलला की "हॅलो" नाही. "बोला, ऐकून राह्यलो," म्हणायचे आणि खरोखर ऐकत राहायचे, मध्ये हुंकारसुद्धा नाही. फोन कट झाला असं वाटून समोरचा माणूस घाबरून जास्तच बोलून जायचा. कित्येक सौदे काकांनी असे नुसते गप्प राहून केले.

आणि पेपर. काका नेहमी कालचा पेपर वाचायचे. आजचा आला की घडी न मोडता कपाटावर ठेवायचे.

"आजचा पेपर मानसाला घाबरवतो," ते म्हणायचे. "कालचा वाचला का कळतं, एवढं समदं झालं आन् आपुन अजून बसलेलो हाय."

मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. मी स्वभावानं भित्री. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारी. काकांच्या शेजारी बसलं की ही धाकधूक कमी व्हायची. त्यांना कधी कशाची भीती वाटते, हे माझ्या मनातही येत नसे.

काकू वारल्या त्याच्या पुढच्या महिन्यात काकांनी मला मशीनच्या खोलीत बोलावलं. तिथं आवाजात काही ऐकू येत नाही, पण महत्त्वाचं बोलायला त्यांना तीच जागा लागायची.

"ताई, कंपनीला दोन डायरेक्टर लागतेत. कायदाच हाय तसा. एक मी, दुसरी काकू होती." ते ओरडून बोलत होते. "आता तुमी व्हा."

"मी?"

"मंग काय त्या शाईवाल्याला करू?"

त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला यात यायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई जाफराबादकडची, दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाली, "तुझे बाबा असायला पायजे व्हते गं." माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जालन्यात दोन खोल्या बांधल्या आणि त्या माझ्या नावावर केल्या. माझं लग्न झालं नव्हतं आणि होईल अशी लक्षणंही नव्हती. पोरीला डोक्यावर छप्पर असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या रात्री आईनं शेजारपाजारी पेढे वाटले. डायरेक्टर म्हणजे काय हे गल्लीत कुणाला नीट माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पगार वाढला नाही. ऑफिसच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागली, ती काकांनी स्वतः छापली होती, पिशवीच्याच शाईनं.

वर्षभरात बँकेचं कर्ज वाढवायचं निघालं. आम्ही दोघं बँकेत गेलो. मी मोरपंखी साडी नेसले होते. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि जिथं जिथं सही हवी तिथं तिथं पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. बँकेतला तरुण अधिकारी पानं उलटत होता आणि मी सह्या करत होते. काका त्याला त्याच्या गावाची चौकशी करत होते, पाऊसपाणी विचारत होते. एका पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात दोन शब्द होते: वैयक्तिक हमी. ते मला दिसले. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण ते शब्द मी वाचले होते. पेन क्षणभर थांबलं. मी काकांकडं बघितलं. ते हसत होते, कुठल्या तरी विहिरीबद्दल बोलत होते. मी सही केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांनी ते केलं, ज्यानं सगळं गेलं.

बियाणाच्या पिशवीवर किंमत छापावी लागते. कापसाच्या बियाणाची किंमत दर हंगामाला सरकारकडून ठरून येते. तो आकडा आल्याशिवाय शहाणा माणूस छपाई करत नाही. पण आकडा उशिरा आला की सगळ्यांची एकच झुंबड उडते. काकांनी ठरवलं, गेल्या सालचीच किंमत राहणार. आपण आधी छापून ठेवू, झुंबड उडाली की आपल्याकडं माल तयार. ऑर्डर हातात नव्हती, नुसता तीन गिऱ्हाइकांचा तोंडी होकार. प्लास्टिकचे रोल उधारीवर आले, शाई उधारीवर आली, बँकेच्या कर्जाची मर्यादा काठोकाठ वापरली. दोन महिने मशीन थांबलं नाही. शेडमध्ये छतापर्यंत पिशव्या रचल्या.

"काका, किंमत बदलली तर?" मी एकदाच विचारलं. तेही पिशव्या मोजता मोजता, त्यांच्याकडं न बघता.

"व्हतंय बराबर," ते म्हणाले.

किंमत बदलली. फार नाही, थोडीच. पण पिशवीवर चुकीचा आकडा म्हणजे ती पिशवी विकता येत नाही. तिन्ही गिऱ्हाइकांनी हात वर केले. एकानं तर फोनवर सरळ विचारलं, "तुम्हाला छापायला सांगितलं कोणी?" काका इकडं गप्प ऐकत राहिले. या वेळी त्या गप्पपणातून काही निघालं नाही.

त्या पिशव्या पुढं भंगारात वजनावर गेल्या. टेम्पोत भरताना काका जवळ उभे होते. भंगारवाल्यानं एक गठ्ठा फेकला तेव्हा म्हणाले, "हळू रे, छपाई बघ कशी उठून आलीय." भंगारवाला बिचारा ओशाळला.

नंतरची दोन वर्षं मला आठवतात ती आवाजांनी. फाटकावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज, म्हणजे रोलवाला आला. फोनची घंटा, म्हणजे बँक. काकांनी गाडी विकली आणि पिशव्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या बायकांचे राहिलेले पगार चुकते केले. त्या बायका रडत गेल्या. मशीन बंद पडलं. मी तरी रोज ऑफिसला जात होते. दुसरीकडं कुठं जावं ते सुचत नव्हतं आणि पाटीवर नाव माझंही होतं.

मग एका दुपारी पोस्टमन ऑफिसात न जाता घरी आला. लिफाफा बँकेचा, नाव माझं. आईनं सही करून घेतला होता आणि देवापुढं ठेवला होता, तिला वाटलं काही मानाचं असेल. मी उभ्यानंच वाचला. कंपनीनं कर्ज थकवलेलं आहे, कंपनीच्या कर्जास आपण वैयक्तिक हमी दिलेली आहे, तरी साठ दिवसांच्या आत संपूर्ण रक्कम भरावी. खाली आकडा. तेवढ्या पैशात आमच्या दोन खोल्यांसारखी अख्खी गल्ली आली असती.

"काय हाय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. ऑफिसचं."

मी संडासात जाऊन कडी लावून बसले. कागद पुन्हा उघडला तेव्हा त्याचा आवाज झाला, आणि तो आवाज बाहेर आईला ऐकू जाईल म्हणून मी कागद छातीशी दाबून धरला.

वकील शांत माणूस होता. त्यानं मला पाणी दिलं आणि समजावलं. कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ही वेगळी व्यक्ती. तिची देणी तिची. कंपनी बुडाली म्हणून नुसत्या डायरेक्टरच्या घरात शिरता येत नाही.

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे माझं घर..."

"थांबा. तुम्ही नुसत्या डायरेक्टर नाहीत. तुम्ही हमी दिलीय. हमी कंपनीची नसते, माणसाची असते. कंपनी मेली तरी ती जिवंत राहते."

"पण मला पगार लिपिकाचा होता. नफ्यातला रुपयाही..."

"बँक ते विचारत नाही, ताई. सही तुमची आहे का, एवढंच विचारते."

"घर गहाण ठेवलेलं नाही मी."

"मग उद्याच जप्ती येणार नाही. बँक दावा लावेल, तो चालेल. शेवटी हुकूम झाला तर मात्र घरावर येऊ शकतात."

किती दिवस चालेल, मी विचारलं. त्यानं कपाटातल्या जुन्या फायलींकडं बोट दाखवलं.

त्या दिवसापासून मी झोपेतही दाराचा कानोसा घ्यायला लागले. घराचा कर आधीच भरून टाकला, जणू त्यानं घर जास्त माझं होणार होतं. बाबांनी लावलेल्या फरश्या मोजत बसायची. रस्त्यानं कुणी फाईल घेऊन चाललं की खिडकी लावून घ्यायची. आईला काही सांगितलं नाही. ती शेजारणींना अजून "आमची डायरेक्टर" म्हणून सांगत होती आणि तो शब्द कानावर आला की मी आत निघून जायची.

काकांकडं गेले तेव्हा ते ऑफिसात एकटेच होते. वीज तोडलेली. मी नोटीस त्यांच्यापुढं धरली. त्यांनी वाचली नाही.

"मलाबी आली हाय," म्हणाले.

"माझं घर जाईल, काका. आईला घेऊन कुठं जाऊ मी?"

मी बारा वर्षांत त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. तो रिकाम्या शेडमध्ये घुमला आणि मलाच परका वाटला. काका ऐकत राहिले. हुंकार नाही, काही नाही. मला त्या गप्पपणाचा इतका राग आला की मी दारावरची माझ्या नावाची पाटी उचकटली आणि पर्समध्ये घालून निघून आले. परत गेले नाही. एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम धरलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरंचसं वकिलाकडून.

काकांचा बंगला काकूंच्या नावावर होता, त्यांच्यामागं तो काकांचा आणि मुलाचा झाला होता, आणि बँकेकडं गहाण नव्हता. कुणीतरी काकांना सल्ला दिला की तुमचा हिस्सा मुलाला लिहून द्या, बँकेला शेड घेऊ द्या, बाकीचं कर्ज बँक आणि ती बाई बघून घेतील. ती बाई म्हणजे मी. काका उठले आणि सरळ बँकेत गेले. बंगला विकतो, शेड विकतो, सगळी रक्कम एकदम घ्या आणि खातं मिटवा, असा अर्ज त्यांनी दिला. बँक तडजोडीला तयार झाली. पण अर्जात काकांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: आधी दुसऱ्या डायरेक्टरची हमी सोडल्याचं पत्र द्या, मग पैसे भरतो. बँक म्हणाली, आधी पैसे. काका सात वेळा गेले. वकील सांगत होता, दर वेळी साहेबांच्या केबिनबाहेर जमिनीवर मांडी घालून बसायचे. लोक बघायला लागले. शेवटी बँकेनं एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एका हातानं पैसे घेऊन दुसऱ्या हातानं पत्र द्यायचं कबूल केलं.

मुलानं विक्रीवर सही केली. सही करताना म्हणाला म्हणे, "आईचं घर तुम्ही एका कारकून बाईसाठी विकलं." त्यानंतर तो बापाशी बोलला नाही.

बँकेनं त्या पत्राची एक प्रत माझ्या घरीही पोस्टानं पाठवली. पुन्हा लिफाफा, पुन्हा बँकेचं नाव. तो मी तीन दिवस उघडला नाही. चौथ्या दिवशी वकिलाकडंच घेऊन गेले आणि त्याला उघडायला लावला. त्यानं वाचलं आणि माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "तुम्ही सुटलात." मी ते पत्र पाच वेळा वाचलं. मला आनंद झाला नाही. पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली फक्त. त्या रात्री आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग इतके दिवस एकटीनं सोसलंस म्हणून मलाच मारलं, पाठीत, दोन्ही हातांनी.

काका आष्टीजवळ एका वजनकाट्यावर कामाला लागल्याचं मला कळलं होतं. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्यांची वजनं लिहायची. त्यांचं वय तेव्हा सत्तरीला आलेलं. आभार मानायला जायला हवं, असं रोज वाटायचं आणि रोज जायचं राहायचं. कारण आभाराच्या मागं आणखी काहीतरी होतं आणि ते काय आहे हे मला माहीत होतं. एका रविवारी मी परतूरपर्यंत एसटीनं गेले, तिथून जीपनं.

काट्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत काका होते. वाळले होते. मला बघून गडबडले, मग म्हणाले, "आई बरी हाय ना?"

"बरी आहे."

बाहेर ट्रॅक्टर आला. ते जाऊन वजन लिहून आले. आभाराचं वाक्य मी जीपमध्ये दहा वेळा घोकलं होतं. तोंडातून दुसरंच निघालं.

"काका, मलाच का घेतलं होतं तुम्ही?"

या वेळी ते नुसते ऐकत नव्हते, उत्तर शोधत होते.

"ज्यानं त्यानं विचारलं असतं," म्हणाले. "माझ्या पोरानं हमीच्या कागदाचं पयलं पान वाचलं आन् न्हाई म्हनला. मेव्हन्याला विचारलं, तो म्हनला वकिलाला दाखवतो. तुमी विचारनार न्हाईत, हे मला ठावं व्हतं."

मला वाटलं होतं विश्वास, असं म्हणतील. बारा वर्षांचा विश्वास. मी तेच ऐकायला एवढ्या लांब आले होते.

"राग आला?"

"हो."

"येऊ द्या. बराबर हाय." त्यांनी दाराबाहेर बघितलं. "आता विचारा. काय ऱ्हायलं असंल ते समदं विचारा. मी हाय इथं."

मग मी विचारत गेले. मधून मधून गाड्या यायच्या, ते उठून जायचे, परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हां, पुढं." किंमत बदलेल असं खरंच वाटलं नव्हतं का? वाटलं होतं. मग का छापलं? मागच्या दोन सालांचा तोटा भरून निघाला नसता म्हणून. म्हणजे आधीपासून तोटा होता? होता. मला बिलांत कसा दिसला नाही? दिसू दिला न्हाई. त्या दिवशी बँकेत, त्या कागदावर काय आहे हे तुम्हाला माहीत होतं? व्हतं. आधीच्या कर्जाच्या हमीवर काकूंची पण अशीच सही होती? व्हती. त्यांना माहीत होतं? न्हाई. तिनंबी कधी विचारलं न्हाई.

प्रत्येक उत्तर ते सरळ देत होते, एकही टाळलं नाही. मला एकीकडं रडू येत होतं आणि एकीकडं इतक्या वर्षांचं काहीतरी छातीवरून उतरत होतं. ऊन कललं. जीपवाल्यानं लांबून हॉर्न दिला. मी उठले. आभाराचं तेव्हा म्हणाले, फार हळू. त्यांनी ते हातानंच बाजूला सारलं.

दारात थांबून मी शेवटचं विचारलं.

"काका, तुम्हाला भीती वाटत नव्हती?"

"रोज वाटायची."

"कधी दिसली नाही."

"दिसली असती," काका म्हणाले, "तर तुमी सही केली नसती."